चुनखडीच्या रानातली पिवळी बाग : सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगोला तालुक्यातली ही चार एकरांची डाळिंब बाग. भगवा वाण, गुटी कलमांची (फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपांची) लागवड, चौदा बाय दहा फुटांचं अंतर, झाडं पाचव्या वर्षात. मालकांना घरी आणि गावात आण्णा म्हणतात, म्हणून इथेही आण्णाच. शेजारच्या वस्तीवर राहणारा पुतण्या बी.एस्सी. ॲग्री झालेला आहे आणि खताचा हिशेब तोच ठेवतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील दिलेले नाहीत. माती-पाण्याच्या तपासण्या वाचून सल्ला देणं हे माझं काम, त्या निमित्ताने मी दोन हंगाम या बागेत जात होते.

पुढचं तीन एकर रान मध्यम काळं. मागच्या एकरात पूर्वी टेकाड होतं. ठिबकला एकच उतार मिळावा म्हणून लागवडीआधी जेसीबी लावून ते कापलं आणि वरची माती खालच्या बाजूला सारली. कापताना दोन फुटांवरच पांढरट, भुसभुशीत माती लागली होती. आण्णांच्या मते तो मुरूम होता. डाळिंब मुरमाड रानात चांगलं येतं हे सांगोल्यात लहान पोरालाही ठाऊक, त्यामुळे कोणी थांबलं नाही.

तो मुरूम नव्हता, चुना होता. सोलापूरच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, चुनखडक नाही. चुनखडक पाहायचा तर भीमेच्या खालच्या अंगाला, कलबुर्गीकडे जावं लागतं. घरोघरी बसवलेली शहाबादी फरशी म्हणजे तोच चुनखडक. तरीही आपल्या रानात चुना सापडतो, कारण काळा पाषाण झिजताना त्यातलं कॅल्शियम सुटतं. पाऊस भरपूर असता तर ते नदीला मिळालं असतं. सोलापूरचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि वर्षभराचं बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट. पाणी दोन-तीन फूट मुरतं आणि तिथेच सुकतं. मागे राहतो चुना, कुठे खड्यांच्या रूपात, कुठे पिठासारखा.

मेघालयाच्या काही भागांत किंवा दक्षिण चीनच्या ग्वेझो प्रांतात नेमकं उलटं घडतं. तिथे खालचा खडकच चुन्याचा आणि पाऊस धो-धो. मुळं आणि जिवाणू श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल खडक खात जातं. गुहा, भुयारी ओढे, द्रोणासारखे खळगे असा जो प्रदेश तयार होतो त्याला कार्स्ट म्हणतात. खडकाचा बहुतेक भाग विरघळून वाहून जातो आणि न विरघळलेल्या चिमूटभर गाळावर माती बनते, म्हणून तिथली माती इतकी पातळ. चुना विरघळवणारी आणि चुना बसवणारी रासायनिक क्रिया एकच आहे, फक्त तिची दिशा पाणी आणि हवा ठरवतात. या बागेचं कोडं शेवटी याच क्रियेपाशी येऊन थांबलं, म्हणून हा फेरफटका.

अडचण काय होती

आण्णा हस्त बहार धरतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडाला फुलावर आणतात. त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यात छाटणी आणि पानगळ झाली आणि पाठोपाठ परतीचा पाऊस असा लागला की पंधरा-वीस दिवस रानात पाय ठेवता येईना. ऑक्टोबरात नवी फूट आली तेव्हा मागचा एकर दुरूनही ओळखू येत होता. शेंड्याची पानं पिवळीजर्द आणि शिरा तेवढ्या हिरव्या. काही झाडांची पानं तर पांढरट होऊन कडेने करपलेली. उसाला पडतो तसा केवडा डाळिंबाला पडला होता.

"मॅडम, काय कमी पडतंय तेवढं सांगा, उद्या आणतो," हे आण्णांचं पहिलं वाक्य. खरं तर कमी काहीच पडलं नव्हतं. वर्षभरात काय काय घातलं ते पुतण्याने वहीतून वाचून दाखवलं : डीएपी, सुपर फॉस्फेट, फळ तडकू नये म्हणून दर पंधरवड्याला कॅल्शियम नायट्रेट, ठिबकमधून ईडीटीए चिलेटेड लोह (चिलेट म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं द्रव्य), दोन कंपन्यांची स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंची कल्चरं. शिवाय मागच्या वर्षी एक शिबिर करून आल्यापासून दर आठवड्याला झाडाबुडी ताज्या शेणाची गूळ-बेसन घातलेली स्लरी, हात सैल सोडून. मागचा एकर पिवळा म्हणून त्याला दुप्पट.

तपासणीचे आकडे

मागचा एकर आणि पुढचं रान यांचे नमुने वेगळे घेतले. त्याआधीच्या सगळ्या तपासण्या चार एकरांची माती एकत्र कालवून झाल्या होत्या, त्यामुळे अहवालात दरवेळी 'मध्यम' एवढंच यायचं.

सामू (पीएच) पुढे ८.१, मागे ८.३. फरक इतका किरकोळ की पुतण्या म्हणाला, "म्हणजे माती सारखीच आहे की." पण मुक्त चुना (मातीतलं कॅल्शियम कार्बोनेट) पुढे ६ टक्के होता, मागे १७. चुनखडीच्या रानात सामू फसवतो तो असा. चुन्यामुळे तो साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान अडकून राहतो, मग चुना पाच टक्के असो की वीस. साडेआठच्या वर गेला तर सोडियमचा संशय घ्यायचा, चुन्याचा नाही.

सेंद्रिय कर्ब पुढे ०.६ आणि मागे ०.३ टक्के. स्फुरद दोन्हीकडे 'खूप जास्त'. उपलब्ध लोह मागच्या एकरात ४.६ पीपीएम, म्हणजे ४.५ च्या सर्वमान्य मर्यादेच्या काठावर का होईना, पण पुरेसं. पानांच्या अहवालातही लोह 'पुरेसं'.

या शेवटच्या ओळीने घरात वाद झाला. दुकानदाराचं म्हणणं, लोह पुरेसं आहे तर हा मॅग्नेशियमचा प्रश्न. मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी होतात, इथे तर शेंडाच पिवळा होता. चुनखडीच्या जमिनीत पिवळ्या पानातही एकूण लोह हिरव्या पानाएवढं सापडू शकतं. ते पानात पोचलेलं असतं, पण उपयोगात येत नाही. भरीला धूळ. काळ्या पाषाणाच्या मातीत लोह कित्येक टक्के असतं, त्यामुळे न धुतलेल्या पानाचा अहवाल धुळीचाच अहवाल ठरू शकतो.

वाद अहवालाने मिटला नाही, ब्रशने मिटला. गावातल्या आरओ प्लांटचं जारचं पाणी घेतलं, त्यात फेरस सल्फेटचं अर्ध्या टक्क्याचं ताजं द्रावण केलं, चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकलं. पिवळ्या पानांच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला ते रंगाच्या ब्रशने लावून फांदीला सुतळी बांधून ठेवली. बोअरचं पाणी मुद्दाम टाळलं, कारण त्यात लोह तांबूस होऊन तळाला बसतं. आठवड्याभराने तीच पानं पाहिली तर अर्धं पान हिरवं आणि अर्धं पिवळं, शिरेवर रेघ मारल्यासारखं. दुखणं लोहाचंच होतं.

खड्डा काय सांगत होता

ब्रशच्या निकालाची वाट पाहत असतानाच एका पिवळ्या झाडाच्या ड्रिपरखाली खुरप्याने हातभर खड्डा घेतला. ड्रिपरच्या तोंडाशी चुन्याचं पांढरं पूट. वर बोटभर जाडीचा काळा, बुळबुळीत स्लरीचा थर. त्याखाली पांढरट, चिकट, गच्च ओली माती आणि तिला आंबूस वास. बारीक मुळं तपकिरी, ओढली की साल हातात यायची. त्याच झाडापासून दोन फुटांवर, जिथे पाणी कमी पोचत होतं, तिथे मात्र पांढरी टोकं असलेली कोवळी मुळं सापडली. झाड स्वतःहून कोरड्याकडे, हवेकडे सरकत होतं.

ताजं शेण, गूळ आणि बेसन म्हणजे जिवाणूंना आयतं पक्वान्न. ते झपाट्याने वाढतात, प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. माती मोकळी असेल तर हा वायू वर निघून जातो. माती गच्च भिजलेली असेल तर तो पाण्यात अडकतो, चुन्याशी मिळतो आणि मुळाभोवतीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं. डाळिंबासारखं झाड लोह घेताना मुळाच्या टोकाशी थोडं आम्ल सोडतं आणि तिथेच लोहाचं रूप बदलून आत ओढतं. बायकार्बोनेट ते आम्ल सुटल्याबरोबर मारून टाकतं. कार्स्टमध्ये जिवाणूंचा जो श्वास डोंगर विरघळवतो, तोच इथे कोंडला गेल्यामुळे झाडाच्या घशाशी आला होता.

बोअरचं पाणीही तपासलं. बायकार्बोनेट लिटरला ९ मिलिइक्विव्हॅलंट (विरघळलेल्या क्षारांचं रासायनिक माप) निघालं, शेततळ्यात ३. शेततळं पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याने भरतं, पण आजवर ते पुढच्या तीन एकरांना जात होतं आणि मागच्या एकराला बोअर. व्हॉल्व्ह तसे बसलेत, एवढंच त्याचं कारण.

नत्र आणि स्फुरद या दोघांचीही गोष्ट याला जोडलेली आहे. झाड नायट्रेट रूपातलं नत्र घेतं तेव्हा मुळाभोवतीचा सामू वर सरकतो, अमोनियम रूपातलं घेतं तेव्हा खाली. आण्णा चुन्याच्या रानात कॅल्शियम नायट्रेट ओतत होते. जिथे कॅल्शियम टनांनी पडलंय तिथे आणखी कॅल्शियम, आणि तेही सामू चढवणाऱ्या नत्रासोबत. फळ तडकतं यात पाण्याच्या अनियमितपणाचा वाटा मोठा असतो, पण भीतीपोटी पिशव्या रिकाम्या होत राहतात. स्फुरद चुनखडीत पडलं की कॅल्शियमला धरून बसतं आणि दिवस जातील तसं अधिकाधिक घट्ट होतं. तरी सालोसाल घातलेल्या खतामुळे उपलब्ध स्फुरदही वर गेलेलं होतं, आणि तेवढं स्फुरद असलं की मुळांवरची, झाडाला अन्नद्रव्यं आणून देणारी मायकोरायझा बुरशी जोर धरत नाही, शिवाय लोहाच्या वाटेत आणखी एक अडथळा येतो.

कोणते पर्याय तोलले

आण्णांना पहिला पर्याय हवा होता तो म्हणजे हेच लोह दुप्पट करणं. ईडीटीए चिलेट साधारण साडेसहा सामूपर्यंत लोह धरून ठेवतं. त्यापुढे, चुनखडीच्या मातीत, कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह सांडून जातं. म्हणजे आजवर पैसे देऊन ठिबकमधून गंज सोडला जात होता. ईडीडीएचए चिलेट नऊच्या सामूलाही टिकतं, पण किलोमागे किंमत कित्येक पट. ते इलाज म्हणून घ्यायचं की कायमचं औषध म्हणून, हा खरा प्रश्न होता.

दुसरा पर्याय पुतण्याचा, गंधक टाकून चुनाच संपवायचा. वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी गणित मांडलं. एका एकरातली अर्ध्या फुटाची माती धरा आठशे टन. त्यात १७ टक्के म्हणजे १३६ टन चुना. गंधक खाणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि एक किलो गंधकाने जेमतेम तीन किलो चुना मारला जातो. म्हणजे चाळीस टनांहून जास्त गंधक, फक्त वरच्या अर्ध्या फुटासाठी. पुतण्या हसला आणि वही मिटली. मात्र झाडाच्या मुळाशी दोन-चार मूठभर जागा आम्लधर्मी करणं गंधकाला जमतं. झाडाला सगळं रान सुधारून नको असतं, मुळांच्या काही टोकांना सोय पुरते.

पाण्यात आम्ल सोडणं हा तिसरा. ९ पैकी ६ मिलिइक्विव्हॅलंट मारायला हजार लिटर पाण्याला तीव्र सल्फ्युरिक आम्ल साधारण १६५ मिली लागतं. खर्च कमी, परिणाम पक्का. पण घरात लहान मुलं, गडी बदलते, आणि आम्लात पाणी ओतायचं नसतं तर पाण्यात आम्ल, हे एकदा जरी विसरलं तरी चेहरा भाजतो. शेततळ्याचं पाणी हाताशी असताना ही जोखीम घ्यायची नाही असं ठरलं.

चौथा म्हणजे तलावातला गाळ किंवा साखर कारखान्याची मळी टाकून मागच्या एकरावर नवा थर चढवणं. जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, मळी सहज मिळते, आणि शेजारी गाळाच्या ट्रॉल्या आणतच होता. दोन्हींचा मूठभर नमुना वाटीत घेऊन त्यावर बाथरूम धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकले. मळी थोडीशी फसफसली. गाळ मात्र सोड्यावर लिंबू पिळावं तसा उसळला. आसपासच्या चुनखडीच्या रानांतूनच तो वाहून आला होता, दुसरं काय निघणार! मळीचंही सरसकट सांगता येत नाही. रस शुद्ध करण्याची कारखान्याची पद्धत कार्बोनेशनची असेल तर मळीत भरपूर चुना येतो.

जिवाणू कल्चरांचा पाचवा पर्याय मी स्वतःच खोडला, आणि त्यावर पुतण्याची नाराजी आजही आहे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्ल सोडून स्फुरद मोकळं करतात. प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्यांच्याभोवती सुंदर पारदर्शक वलय दिसतं. पण १७ टक्के चुन्याच्या मातीत ते आम्ल निघाल्याबरोबर चुना त्याला गिळतो. त्यातून इथे स्फुरद आधीच जास्त. ज्या मालाची गोदामं भरलेली आहेत तो काढायला हमाल लावण्यात काय अर्थ? मायकोरायझा रोपवाटिकेत, लागवडीच्या वेळी देण्यात मला अर्थ दिसतो. पाच वर्षांच्या झाडाबुडी, स्फुरद चढलेल्या मातीत, फारसा नाही.

सहावा पर्याय कोणी मोठ्याने बोलत नव्हतं : मागचा एकर काढून टाकणं.

काय केलं

सगळ्यात आधी स्लरी बंद. आण्णांना हे सर्वांत जड गेलं. "शेण कधी वाईट असतं का?" शेण वाईट नव्हतं, कच्चं शेण ओल्या, बंद मातीत वाईट होतं. तडजोड अशी निघाली की तेच शेण ढिगात कुजवायचं, उन्हाळ्यात द्यायचं, आणि ढीग पलटायची जबाबदारी आण्णांची. त्यांनी ती नेटाने पाळली.

मग हवा. मागच्या एकराच्या वरच्या बाजूला आडवा चर काढून पुढच्या रानातून झिरपणारं पाणी बाहेर वळवलं. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) खोडापासून दूर सरकवल्या. पाणी रोज थोडं देण्याऐवजी वाफसा (माती ओलसर पण मोकळी) पाहून, अंतराने देणं सुरू झालं. व्हॉल्व्ह बदलून मागच्या एकराला शेततळं आणि पुढच्याला बोअर अशी अदलाबदल केली. पुढच्या रानात चुना कमी आणि कर्ब दुप्पट, त्याला बोअरचं पाणी सोसवतं.

पिवळ्या झाडांना ईडीडीएचए दिलं, मातीतून, संध्याकाळच्या ठिबकमध्ये, चार हप्त्यांत विभागून. त्याचं द्रावण गडद लाल असतं आणि उन्हात ते बिघडतं, म्हणून फवारलं नाही. कॅल्शियम नायट्रेट थांबवलं, स्फुरदाचं प्रत्येक खत वर्षभरासाठी बंद केलं. नत्र अमोनियम सल्फेटमधून, थोडं थोडं. एकदम दिलं तर मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात आणि वर पसरून राहिलं तर चुन्यामुळे अमोनिया उडून जातो, म्हणून हप्ते लहान आणि ठिबकमधूनच.

उन्हाळ्यात प्रत्येक झाडाच्या दोन बाजूंना ड्रिपरखाली हातभर खोल खड्डे घेतले. त्यांत कुजलेलं शेणखत आणि गंधकाची भुकटी मिसळून भरली. गंधकाला जिवाणू लागतात, जिवाणूंना ऊब, ओल आणि हवा लागते. आण्णांच्या मनात होतं तसं पावसाळ्याच्या तोंडावर भरलं असतं तर तीनपैकी हवा हातची गेली असती.

एक छोटा प्रयोग पुतण्याच्या हौसेखातर झाला. गवतवर्गीय पिकांची मुळं लोहाला पकडून आणणारी खास द्रव्यं सोडतात आणि शेजारच्या झाडालाही त्याचा लाभ होऊ शकतो, हे त्याने वाचलं होतं. त्याला ओळींमध्ये ज्वारी पेरायची होती. सोलापुरात दुसरं सुचणार तरी काय! पण या बाबतीत ज्वारी अगदीच हातची राखून असते, ती स्वतःच चुनखडीत पिवळी पडते. जव यात सर्वांत दिलदार, त्याच्या मागोमाग गहू. जवाचं बी वेळेत मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या हंगामात नोव्हेंबरला सहा ओळींच्या मधोमध गहू पेरला.

काय निष्पन्न झालं

ईडीडीएचएच्या दुसऱ्या हप्त्यानंतर नवी फूट हिरवी आली. जुनी पिवळी पानं पूर्ण सुधारली नाहीत, तशी ती सुधारतही नाहीत. पहिल्या हंगामात मागच्या एकराचा माल कमी आणि आकाराने लहान राहिला, कारण फुलोऱ्याचे दिवस पिवळेपणात गेले होते. बावीस झाडांनी कशालाच दाद दिली नाही. त्यांची मुळंच कुजली होती. ती काढली.

दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस बेताचा होता. फूट आली तेव्हा पिवळेपणा होता, पण फिका आणि तुटक. ईडीडीएचएचे चारऐवजी दोन हप्ते पुरले. उन्हाळ्यात भरलेला एक खड्डा उकरला तर त्यात पांढऱ्या मुळांचं जाळं झालेलं, आणि खड्ड्याची सीमा संपते तिथे मुळंही थबकलेली. मुक्त चुन्याचा आकडा अर्थातच १७ च्या घरातच, सामूही तोच. दोन वर्षांत त्यात फरक पडावा अशी अपेक्षाही नव्हती. स्फुरद एक दाणा न घालता अजून 'जास्त'च्या रकान्यात आहे, आणि त्या खताचे वाचलेले पैसे ईडीडीएचएकडे वळले.

गव्हाच्या ओळींलगतची झाडं थोडी अधिक हिरवी दिसली खरी. पण गव्हाने मातीतलं पाणीही ओढलं, म्हणजे श्रेय मुळांतल्या द्रव्यांचं की कोरडेपणाचं, कोण सांगणार. जानेवारीत फळं फुगायच्या वेळी पाण्याची ओढ पडली तेव्हा आण्णांनी न विचारता गहू कापून गुरांना घातला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली तपासणी पाण्याची करायला हवी. मातीपेक्षा ती स्वस्त, आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा निर्णय, जो फुकटात झाला, तो पहिल्याच दिवशी झाला असता. ब्रशच्या निकालासाठी आठवडा थांबलो ते ठीक, पण स्लरी बंद करायला निकालाची गरज नव्हती. खड्ड्याचा वास पुरेसा होता.

दोन ओळी काहीही न करता सोडाव्यात असं मी सुचवलं होतं. आण्णांचं उत्तर, "पोटच्या पोरांपैकी दोघांना उपाशी ठेवून बघू का मॅडम?" त्यामुळे स्लरी थांबवणं, पाणी बदलणं, चर, गंधकाचे खड्डे आणि कमी पाऊस यांतलं नेमकं काय किती कामाला आलं हे वेगळं काढता येत नाही. माझा कल पाणी आणि हवेकडे आहे, पण तो कलच. संपूर्ण ओळी सोडायला शेतकरी तयार होत नसेल, तर एकेका उपायातून चार-चार झाडं वगळणं कदाचित त्याला पटेल. पुढच्या बागेत मी तेवढंच मागणार आहे.

मूळ निर्णय सपाटीकरणाचा. वरची वीतभर काळी माती आधी खरवडून बाजूला ठेवायची, टेकाड कापायचं आणि ती माती परत पसरायची, एवढं केलं असतं तर जेसीबीचे काही तास वाढले असते आणि मागच्या एकराला कर्ब, जिवाणू आणि कमी चुन्याचा थर, तिन्ही मिळाले असते. द्राक्षात चुना सोसणाऱ्या खुंटावर कलम करता येतं. डाळिंब आपण गुटीवर लावतो, झाड स्वतःच्याच मुळांवर उभं असतं, त्यामुळे जमीन निवडताना चूक झाली की खुंटाची मदत मिळत नाही. लागवडीआधी तीन फुटांचा खड्डा आणि प्रत्येक फुटाच्या मातीवर ॲसिडचे थेंब, हे काम एका सकाळीत होतं. खडे फसफसले तर फार घाबरायचं कारण नाही, चाळून धुतलेली बारीक पांढरी माती उसळली तर तिथे डाळिंब लावू नये. खडा सुस्त असतो. मुळाला नडतो तो पिठासारखा चुना.

बावीस झाडांची जागा अजून रिकामी आहे. आण्णांना तिथे टिशू कल्चरची रोपं लावायची आहेत, पुतण्याला ती जागा पडीक ठेवून दोन पावसाळे ताग घ्यायचा आहे. मी तिथल्या तीन खड्ड्यांचे फुटाफुटाचे नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत आणि तिसऱ्या फुटातला बारीक चुना वेगळा मोजायला सांगितला आहे. तो दहा टक्क्यांच्या वर निघाला तर रोपांची आगाऊ रक्कम द्यायची नाही, एवढं आण्णांनी कबूल केलं आहे.